जीकेएस आणि अंडरग्रॅड रिसर्च फेलोशिप: कोरियन स्टडीजवाल्यांनो, हे दोन अर्ज वेगळे आहेत

कुणीही विचारलं की "कोरियन स्टडीजमध्ये रिसर्च करायचाय, पैसे कुठून मिळतील", की उत्तर ठरलेलं, जीकेएस (ग्लोबल कोरिया स्कॉलरशिप) भर. आता विचारणारी मुलगी अमेरिकेतल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला फक्त उन्हाळ्यात एक छोटं काम करायचंय, तिला जीकेएसचा काय उपयोग? आणि याच्या उलटही चालूच असतं, जीकेएससाठी लिहिलेलं पर्सनल स्टेटमेंट नाव बदलून रिसर्च फेलोशिपला पाठवून देतात आणि मग नकार आला की मार्क कमी पडले असं समजतात. मार्कांचा काही संबंध नसतो हो, अर्जच चुकीच्या जातीचा असतो.

जीकेएस तुम्हाला माहितीच आहे. कोरियन सरकारची स्कॉलरशिप, एम्बसीमार्फत किंवा थेट विद्यापीठामार्फत अर्ज, अंडरग्रॅडला वय २५च्या आत, एक वर्ष भाषा, टॉपिक (TOPIK, कोरियन भाषेची परीक्षा) लेव्हल ३ काढली की चार वर्षांची डिग्री, आणि आधीच लेव्हल ५ असेल तर भाषेच्या वर्षातून सुटका. पुढे चला.

रिसर्च फेलोशिप म्हणजे अमेरिकेत वगैरे विद्यापीठांमध्ये कोरियन स्टडीजची सेंटर्स असतात (मिशिगनचं नाम सेंटर, हार्वर्डचं कोरिया इन्स्टिट्यूट ही मोठी नावं), अशा ठिकाणी स्वतःच्याच विद्यार्थ्यांना एखाद्या सेमिस्टरपुरती किंवा उन्हाळ्यापुरती मिळणारी छोटी रक्कम. सोबत एक प्रोफेसर मेंटॉर आणि शेवटी पेपर किंवा प्रेझेंटेशन. फी यातून भरली जात नाही, डिग्री मिळत नाही, आणि बहुतेक वेळा तुम्ही आधीच त्या विद्यापीठात शिकत असायला लागता, त्यामुळे पुण्यात बसून अशा फेलोशिपच्या याद्या जमवू नका, वेळ जाईल.

हे सगळं वाचून कळतं. जे कळत नाही ते हे, की जीकेएसला तुमच्याबद्दल ऐकायचं असतं, तुम्ही कोण, कोरियाच का, पुढे काय करणार. फेलोशिपच्या कमिटीला तुमच्या प्रश्नाबद्दल ऐकायचं असतं, आणि तो प्रश्न दहा आठवड्यांत कुठल्या कागदपत्रांवरून सुटेल याबद्दल. तिथे "मला आठवीपासून के-ड्रामा आवडतात" हा परिच्छेद कितीही मनापासून लिहिला तरी त्यावर कुणी पैसे देऊ शकत नाही, कारण त्यात करायचं काम कुठलं तेच नाहीये.

आणि इथेच दुसरा खड्डा. आवड काढून टाका म्हटलं की मुलं विषय लिहितात. "भारतीय तरुणांवर के-पॉपचा प्रभाव". मला हे शीर्षक आता बघवत नाही. कुठले तरुण, प्रभाव म्हणजे नेमकं काय, बघणार कशात? विषय म्हणजे प्रश्न नाही.

एक खरं उदाहरण घ्या, आपल्याकडचंच. जुलै १९५३ मध्ये कोरियन युद्धाची शस्त्रसंधी झाली तेव्हा बावीस हजारांहून जास्त युद्धकैदी घरी परत जायला तयार नव्हते, त्यांना सांभाळायला भारताने कस्टोडियन फोर्स पाठवली आणि तिचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, कोल्हापूरकडचे. वरच्या तटस्थ राष्ट्रांच्या कमिशनचे अध्यक्ष जनरल थिमय्या. शेवटी ८८ कैद्यांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि १९५४ मध्ये ते या फोर्सबरोबर भारतात आले, त्यातले बरेच नंतर ब्राझील, अर्जेंटिनाला गेले. आता "कोरियन युद्धात भारताची भूमिका" हा विषय झाला, यावर आयुष्य जाईल. पण "हे ८८ जण इथे आल्यावर सरकार कागदोपत्री त्यांना काय म्हणत होतं, कैदी, निर्वासित की पाहुणे, आणि ते कधी बदललं का" हा प्रश्न आहे. संसदेतल्या चर्चा ऑनलाइन आहेत, नॅशनल अर्काइव्ह्जचं अभिलेख पटल पोर्टल आहे, त्या काळचे इंग्रजी पेपर आहेत, आणि कोरियन अजिबात येत नसलं तरी दहा आठवड्यांत काहीतरी हाताला लागतं. उत्तर "काहीच बदललं नाही" असं आलं तरी तो रिसर्चच.

भाषेचं पण तसंच. टॉपिकचं सर्टिफिकेट इथे मिरवायचं नसतं, तुमच्या साहित्याला जेवढी भाषा लागते तेवढी येते का एवढंच बघतात. कोरियन वाचता येत असेल तर नेव्हर (Naver) या कोरियन वेबसाइटच्या न्यूज लायब्ररीत १९२० ते १९९९ मधले जुने पेपर स्कॅन करून ठेवलेत, अंडरग्रॅडसाठी यापेक्षा चांगली खाण मला माहीत नाही. पण लेव्हल ३वर "जोसोन राजवटीच्या इतिवृत्तांचं मूळ वाचणार" असं लिहू नका प्लीज. १३९२ ते १८६३ पर्यंतच्या त्या नोंदी अभिजात चिनीत आहेत, ऑनलाइन त्याचं आधुनिक कोरियन भाषांतर मिळतं, तर भाषांतर वापरणार असं सरळ लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

बाकी फरक किरकोळ. शिफारसपत्रात मुलगी किती गुणी आहे यापेक्षा हे काम एवढ्या वेळात होऊ शकतं असं मेंटॉरने लिहिलेलं जास्त उपयोगाचं, म्हणून प्रोफेसरला मेल करताना सीव्ही नंतर, आधी प्रश्नाचं एक पान पाठवा. आणि बजेटमध्ये सोलचं तिकीट घालायचं असेल तर तिथे जाऊन असं काय बघणार जे ऑनलाइन नाही, ते त्याच ओळीत लिहा.

भारतात बीए कोरियन करणाऱ्यांनी हे एक पान तरीही लिहावं असं मला अगदी मनापासून वाटतं. स्वतःच्या डिपार्टमेंटमधल्या प्रोजेक्टला ते चालतं, आणि पुढे ग्रॅज्युएट (एमए, पीएचडीचं) जीकेएस भरताना रिसर्च प्लॅन मागतात तेव्हा तेच वाढवून वापरता येतं. अंडरग्रॅड जीकेएसमध्ये मात्र ते घुसवू नका, तिथे तुमच्याबद्दलच लिहा.