मोटारघर-निवासी (अमेरिका)

मोटारघरात किंवा मोटारीमागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये बारमाही राहणारे लोक आणि त्यांच्याकडे पाहण्याची समाजाची व कायद्याची दृष्टी, हा या नोंदीचा विषय आहे. अशा वाहनास अमेरिकेत ‘आरव्ही’ म्हणतात. ज्यांना दुसरे घर नाही ते स्वतःला ‘फुलटाइमर’ म्हणवतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण विंचू ते बिऱ्हाड हौसेने वाहतो की नाइलाजाने, हे सांगत नाही. अमेरिकेत मात्र या लोकांविषयीचे मत त्याच प्रश्नावर ठरते.

पहिले मोटारघर कोणते याबद्दल मतभेद आहेत. अमेरिकी उद्योग १९१० हे वर्ष धरतो. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात पिअर्स-ॲरो कंपनीने ‘टूरिंग लँडॉ’ ही गाडी मांडली होती. तिच्या मागच्या आसनाची खाट होत असे. या उद्योगाची शताब्दीही २०१० मध्ये साजरी झाली. दुसरा पक्ष इंग्लंडकडे बोट दाखवतो. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलातील निवृत्त शल्यचिकित्सकाने १८८५ च्या सुमारास ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची घरगाडी बांधून घेतली. इंजिनाचा निकष लावला तर १९१० ग्राह्य ठरते. परंतु लोकवृत्तीचा इतिहास शोधताना ‘वाँडरर’चे महत्त्व अधिक वाटते. रोमा (जिप्सी) लोकांची घरगाडी स्टेबल्सने उचलली, त्यांची बदनामी मात्र त्याच्या वाट्याला आली नाही. जी राहणी रोमांच्या बाबतीत भटकेपणा समजली जाई, ती सद्गृहस्थाने पत्करताच हौस ठरली. पुढच्या शतकातील दुटप्पी दृष्टीचे मूळ येथे दिसते.

अमेरिकेत १९१९ मध्ये फ्लॉरिडातील टँपा येथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही मोटारप्रवाशांची संघटना स्थापन झाली. हे लोक हिवाळ्यापुरते येत, त्यामुळे गावोगावचे व्यापारी त्यांचे स्वागत करीत. १९३० च्या दशकातील मंदीच्या काळात डेट्रॉइटमधील जीवाणुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन याच्या ‘कव्हर्ड वॅगन’ ट्रेलरांचा मोठा खप झाला. अर्थतज्ज्ञ रॉजर बॅबसन याने तर वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील असे भाकीत केले. ते खोटे ठरले, पण नगरपालिका धास्तावल्या. ट्रेलरवाले मालमत्ता कर भरणार नाहीत, त्यांची मुले मात्र शाळेत येतील, सांडपाण्याची सोय कोण करणार, असे आक्षेप तेव्हापासून आजतागायत जवळजवळ त्याच शब्दांत येतात. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांतील कामगार ट्रेलरमध्ये राहू लागले आणि ‘ट्रेलर’ शब्दाला गरिबीचा वास चिकटला. १९५४ च्या सुमारास दहा फूट रुंदीची घरे निघाली. ती साध्या मोटारीमागे ओढून नेण्याजोगी नव्हती. तेव्हापासून ‘मोबाइल होम’ व प्रवासी ट्रेलर यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बदनामी बव्हंशी पहिल्याकडे राहिली, दुसऱ्याला सुटीची प्रतिष्ठा मिळाली.

कायद्यातील स्थान : मूळ पेच असा, की मोटारघर हे घर की वाहन? संघराज्याच्या गृहनिर्माण खात्याच्या २०१८ च्या नियमानुसार आरव्ही म्हणजे केवळ विरंगुळ्यासाठी बांधलेले, मुख्य निवासासाठी किंवा कायम वास्तव्यासाठी नसलेले वाहन होय. म्हणजे फुलटाइमरचे घर व्याख्येनेच घर नाही. त्याआधी १९८५ मध्ये ‘कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी निर्णय दिला, की सार्वजनिक जागी उभ्या असलेल्या, केव्हाही चालू होऊ शकणाऱ्या मोटारघराची झडती वॉरंटशिवाय घेता येते. घराला मिळणारे पूर्ण संरक्षण त्याला नाही. चाके काढून ठोकळ्यांवर ठेवलेल्या किंवा वीज-पाण्याच्या जोडण्या घेतलेल्या मोटारघराचा प्रश्न न्यायालयाने खुला ठेवला. अल्पमतातील न्यायाधीशांनी आतल्या संसाराकडे लक्ष वेधले होते. प्रस्तुत लेखकास त्यांचे म्हणणे अधिक पटते, कारण जेथे माणूस झोपतो, स्वयंपाक करतो, कागदपत्रे ठेवतो, त्या जागेचे खाजगीपण चाकांमुळे कमी होत नाही.

लॉस एंजेलिसमध्ये वाहनात राहण्यास मनाई करणारा नियम १९८३ पासून होता. संघीय अपील न्यायालयाने तो २०१४ मध्ये संदिग्धतेमुळे रद्द ठरवला, कारण नेमके काय केले म्हणजे ‘राहणे’ होते हेच त्यातून कळत नव्हते. २०१७ मध्ये शहराने नवा नियम आणला आणि निवासी रस्त्यांवर रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत वाहनवास बंद केला. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, सिअ‍ॅटलमधील लाँग खटल्यात, उलट भूमिका घेतली. राहते घर जप्तीपासून वाचवणाऱ्या कायद्याचे संरक्षण राहत्या ट्रकलाही लागू होते, असे त्याने म्हटले. ऑरेगन राज्यातील ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०२४ रोजी दिलेल्या निकालाने मात्र उघड्यावरील मुक्कामावर दंड करण्यास शहरांना वाव दिला, आणि वारे पुन्हा निर्बंधांच्या बाजूने वाहू लागले.

अंतर्गत भेद : स्वतः आरव्हीवाल्यांतही उतरंड आहे. अनेक खाजगी तळांवर ‘दहा वर्षांचा नियम’ असतो. त्याहून जुन्या गाडीला जागा नाकारतात. अ‍ॅरिझोनातील क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटी तळांवर हिवाळ्यात सरकारी परवान्याने राहणारा निवृत्त मनुष्य ‘स्नोबर्ड’, तर शहरातील रस्त्यावर जुन्या गाडीत राहणारा मोलकरी ‘बेघर’. मिनेसोटा व नॉर्थ डकोटा राज्यांतील रेड नदीच्या खोऱ्यात साखरबीटाच्या हंगामाला आरव्ही घेऊन जाणारे ‘वर्कॅम्पर’ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येतात. डोरोथी व डेव्हिड काउंट्स या मानवशास्त्रज्ञ दांपत्याने १९९० च्या दशकात वयस्क फुलटाइमरांमध्ये राहून अभ्यास केला. मुळे तुटलेली माणसे हा समज त्यांना आढळला नाही. अन्न वाटून खाणे, आजारपणात धावून जाणे यांवर उभा राहिलेला शेजार आढळला.

अधिवास व मतदान : पत्ता नसलेल्या माणसाला परवाना, विमा, मत यांपैकी काहीच सहज मिळत नाही. म्हणून बहुतेक जण टेक्सस, फ्लॉरिडा वा साउथ डकोटा यांपैकी एका राज्याचा टपालपत्ता घेतात. साउथ डकोटाने २०२३ मध्ये मतदार नोंदणीसाठी ३० दिवसांच्या वास्तव्याची अट घातली.

जो व के पीटरसन यांनी १९७८ मध्ये स्थापलेल्या ‘एस्केपीज’ या संघटनेचे मुख्य ठाणे टेक्ससमधील लिव्हिंग्स्टन येथे आहे. हजारो सभासदांची टपाले तेथे येतात व तेथून पुढे जातात. त्याच आवारात, वय वा आजारपणामुळे गाडी चालवणे थांबलेल्या सभासदांसाठी देखभाल केंद्र आहे. तेथे ते आपल्याच मोटारघरात राहतात. जेवण व शुश्रूषा केंद्राकडून मिळते.