कामगार वस्तीचे पुरातत्त्व

एकोणिसाव्या शतकात गिरण्या-कारखान्यांभोवती दाटलेल्या वस्त्यांतील घरगुती जीवनाचा, जमिनीत सापडणाऱ्या अवशेषांवरून केलेला अभ्यास. १९८० च्या दशकापासून त्याला जोर आला. या काळाची जनगणना, नकाशे, करनोंदी सगळे हाताशी असताना खणायचे कशाला, ही शंका रास्त आहे. पण वस्त्यांविषयीचे बरेचसे लिखाण बाहेरच्यांचे, म्हणजे आरोग्य निरीक्षक, धर्मोपदेशक व वार्ताहर यांचे आहे. राहणाऱ्यांनी मागे ठेवला तो मुख्यतः कचरा.

त्यात सर्वांत बोलका असतो शौचकूप, म्हणजे संडासाचा खड्डा. गटारे आली की जुना खड्डा निकामी होई आणि घरातल्या टाकाऊ वस्तूंनी बुजवला जाई. फुटक्या कपबश्या, तंबाखू ओढायचे मातीचे पाईप, औषधाच्या बाटल्या, बटणे, हाडे, फळांच्या बिया, अगदी जंतांची अंडीही त्यात टिकतात. बशीच्या तळावरील कारखान्याच्या शिक्क्यावरून काळ ठरवतात. अर्थात बशी घडली ते वर्ष ती फुटल्याचे नव्हे.

न्यूयॉर्कची फाइव्ह पॉइंट्स ही वस्ती गुन्हे आणि दारूसाठी बदनाम होती. तेथे न्यायालयाच्या नव्या इमारतीच्या जागेवर १९९१ मध्ये झालेल्या उत्खननात सुमारे ८,५०,००० वस्तू मिळाल्या. त्यांत चहाची नक्षीदार भांडी होती आणि दारू सोडण्याचा प्रचार करणारे आयरिश धर्मगुरू फादर मॅथ्यू यांचे चित्र असलेला कपही. हा साठा वर्ल्ड ट्रेड सेंटर संकुलातील एका तळघरात होता. ११ सप्टेंबर २००१ रोजी तो नष्ट झाला. प्रदर्शनासाठी बाहेर दिलेल्या १८ वस्तू तेवढ्या वाचल्या, त्यांत हा कप आहे.

मॅसॅच्युसेट्समधील लोवेल येथे नेमके उलटे घडले. ‘बूट’ (Boott) नावाच्या कापडगिरणीच्या, कामगारांच्या राहण्या-जेवणाच्या खाणावळींत कंपनीचे कडक नियम होते, दारूला मनाई होती. मागच्या अंगणात मात्र दारूच्या बाटल्या निघाल्या.

कपावरून सुबत्ता मोजण्याची घाई करू नये. तांब्यापितळेची भांडी, घड्याळ, चांगला कोट या वस्तू अडचणीला विकल्या किंवा गहाण टाकल्या जात, म्हणून त्या खड्ड्यात क्वचितच दिसतात. फुटक्या चिनीमातीला कोण विचारणार? शिवाय भाडेकरू सतत बदलत आणि एक खड्डा अनेक बिऱ्हाडांचा असे. त्यामुळे कप कोणत्या आवारातला हे सांगता येते, कोणत्या घरातला हे बहुधा नाही.