‘लाइफ ऑन अर्थ’: साहेबांनी खुर्ची सोडली तेव्हा

रवांडातल्या डोंगरात डेव्हिड ॲटनबरो झाडोऱ्यात आडवे पडलेत, अंगावर गोरिलाची पिल्लं, त्यातलं कुणी बुटाची नाडी सोडतंय. ‘लाइफ ऑन अर्थ’ ही जीवसृष्टीवरची टीव्ही मालिका म्हटलं की बहुतेकांना हेच आठवतं. मालिकेचं मूळ मात्र जंगलात नाही, बीबीसीच्या कचेरीत आहे.

ॲटनबरो (‘गांधी’वाले रिचर्ड त्यांचे थोरले बंधू) १९६५ साली बीबीसी टू या नव्या वाहिनीचे प्रमुख झाले. त्याआधीची त्यांची ओळख १९५४ साली सुरू झालेल्या ‘झू क्वेस्ट’ची. प्राणिसंग्रहालयासाठी जनावरं पकडून आणायची, असा तो कार्यक्रम. आज बघताना जरा अवघडल्यासारखं होतं. निवेदन खरं तर लंडन झूच्या जॅक लेस्टर यांचं होतं. ते आजारी पडले आणि निर्माते असलेल्या ॲटनबरोंनाच कॅमेऱ्यापुढे उभं राहावं लागलं.

१९६७ मध्ये बीबीसी टू रंगीत झाली. पण महागडा रंगीत संच लोकांनी घ्यायचा कशासाठी? त्यावर उतारा म्हणून युरोपातली चित्रं, शिल्पं, इमारती दाखवणारी ‘सिव्हिलायझेशन’ (१९६९) आली. पाठोपाठ १९७३ मध्ये विज्ञानाच्या वाटचालीवरची ‘द ॲसेंट ऑफ मॅन’. दोन्ही १३ भागांच्या. एक अफाट विषय आणि तो उलगडून सांगणारा एकच जाणकार, हा साचा तिथे पक्का झाला. हाच साचा जीवसृष्टीला लावावा, असं बीबीसीच्या ब्रिस्टलमधल्या नॅचरल हिस्टरी युनिटमधल्या (निसर्गावरचे कार्यक्रम करणारा विभाग) ख्रिस्तोफर पार्सन्स यांना वाटत होतं. ॲटनबरोंनाही ते पटलेलं; फक्त ही मालिका दुसऱ्या कुणी केलेली त्यांना बघवली नसती! १९७३ मध्ये त्यांनी बीबीसीतलं पद सोडलं.

विमानप्रवास तोवर आवाक्यात आला होता. त्यामुळे निवेदनातलं वाक्य एका खंडात सुरू होऊन दुसऱ्याच खंडात संपायचं. १६ जानेवारी १९७९ रोजी पहिला भाग दाखवला गेला. हेही भाग १३च.

गोरिलांचं चित्रण १९७८ च्या जानेवारीतलं. गोरिलांच्या अभ्यासक डायन फॉसी यांचा लाडका गोरिला ‘डिजिट’ शिकाऱ्यांनी नुकताच मारला होता. ॲटनबरोंना तिथे बोलायचं होतं ते बोटांना भिडणाऱ्या अंगठ्याबद्दल. रीळ थोडंच उरलेलं, दिग्दर्शकाने ते त्या भाषणासाठी राखून ठेवलेलं. म्हणून पिल्लांच्या दंगामस्तीतलं फार थोडं चित्रित झालं.

मला विचाराल तर मालिकेचा खरा कस चिलीतल्या डार्विनच्या बेडकापाशी दिसतो. यातला नर पिल्लांना आपल्या गळ्यातल्या पिशवीत वाढवतो. ती बाहेर पडतानाचा क्षण पकडायला कॅमेरामन शेकडो तास बसून होता. पडद्यावर सगळं काही सेकंदांत उरकतं: बेडूक जांभई दिल्यासारखं तोंड उघडतो, आणि आतून पिल्लू टुणकन बाहेर.