बावन्नातून सतरा गेले किती?

५२ मधून १७ वजा करायला सांगितले की बरीच मुले ४५ लिहितात. शेजारची चौथीतली मुलगी सलग सहा गणिते याच रीतीने चुकली. हा धांदरटपणा नव्हता. तिचा स्वतःचा पक्का नियम होता: मोठ्यातून लहान काढायचा. सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार.

तिच्याकडे गाईड होते, व्यवसायमाला होती, मोबाइलवर व्हिडिओही होते. सगळीकडे हातच्याची वजाबाकीच होती. तिचे अडले होते त्याच्या बरेच आधी. ५२ मधला ५ म्हणजे पाच दहा, हे तिला कधी दिसलेच नव्हते. (त्यात आपण ‘बावन्न’ म्हणताना दोन आधी उच्चारतो आणि लिहिताना पाच आधी लिहितो!)

खराट्याच्या काड्या आणि रबरबँड घेऊन बसलो. दहादहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्या. “यातल्या सतरा मला दे.” एक गठ्ठा तिने लगेच दिला. मग दोन सुट्यांकडे बघत राहिली. “सात कुठून देऊ?” थोड्या वेळाने रबरबँडवर बोट ठेवून विचारले, “हा सोडू का?” हातचा म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी कळले.

पुस्तके, गाईड असे साहित्य नेमके कुठे उपयोगी पडते, याची मोजदाद झालेली आहे. १९९० च्या दशकात पश्चिम केनियातल्या ग्रामीण शाळांना पाठ्यपुस्तके फुकट दिली गेली. सरासरी गुण वाढले नाहीत. आधीच पुढे असलेल्या मुलांनाच फायदा झाला. पुस्तके इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा होती.

आपल्या मुंबईत आणि बडोद्यात ‘प्रथम’ संस्थेने दुसरी वाट धरली. वस्तीतलीच एखादी तरुणी ‘बालसखी’ म्हणून तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन बसायची आणि पायाभूत वाचन-गणित पक्के करून घ्यायची. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुसऱ्या वर्षाअखेर गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले होते. म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मधे उभे असलेले मूल साधारण अकरा जणांना मागे टाकून पुढे सरकले. बडोद्यात संगणकावरच्या गणिती खेळांनी गणितात ०.४७ इतकी वाढ दिली. मुलाला जमेल तशी त्या खेळांची काठिण्यपातळी बदलत असे.

मात्र कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात यातला बराच फायदा ओसरला. मला हे फार महत्त्वाचे वाटते. आधार मध्येच काढून घेतला, तर मूल पुन्हा मागे पडते.

म्हणून नवे पुस्तक आणण्याआधी दहा मिनिटे मुलाजवळ बसावे. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या चाचणीत एकेका मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे वाचायला देतात. तसेच करून बघावे; जिथे अडते, तिथून सुरुवात करायची. गणितात उत्तरापेक्षा “कसे काढलेस?” हे विचारावे. चुकीमागचा नियम तिथे सापडतो.

तिसऱ्या दिवशी मुलीने काड्या मागितल्याच नाहीत. वहीच्या कडेला पाच उभ्या रेघा आणि दोन टिंबे काढली, एक रेघ खोडली, तिच्या जागी दहा टिंबे दिली आणि खाली लिहिले ३५.