पॉइंट बत्तीस म्हणजे नक्की कोणतं? काडतूस मागण्यापूर्वी वाचा

"पॉइंट बत्तीसचा एक डबा द्या." आमच्या मुंबईच्या दुकानात हे वाक्य आलं की आमचा उलट प्रश्न ठरलेला: रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? काहींना तो चोंबडेपणा वाटतो. "लायसन्सवर .३२ लिहिलंय ना, मग?" म्हणून हे पत्रक.

.३२ नावाची दोन निराळी काडतुसं आपल्याकडे चालतात. कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या रिव्हॉल्व्हरला लागतं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. पिस्तुलाला लागतं .३२ एसीपी. दोन्ही शेजारी उभी केली की फरक लगेच कळतो. पहिल्याची पुंगळी (गोळी जिच्या तोंडात बसवलेली असते ते पितळी कवच) सुमारे २३ मिलिमीटर लांब, दुसऱ्याची १७. लांबड्याच्या बुडाला ठसठशीत कडा असते, तिच्यावर ते सिलिंडरमध्ये, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या नळकांड्यात, अडकून राहतं. आखूड्याची कडा इतकी बारीक, की नखाने चाचपावी लागते. पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीतल्या पेटीत, एकावर एक रचायची असतात ना.

घोटाळा वाढवायला मेट्रिक नावही दोघांचं ७.६५ च. एक ७.६५×२३, दुसरं ७.६५×१७. फुलीच्या पुढचा आकडा पुंगळीची लांबी सांगतो, आणि नेमका तोच सांगायचा राहून जातो. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये शिरतंसुद्धा. शिरलं म्हणून उडवू नका. उडताना त्याचा दाब बराच जास्त असतो.

मोबाइलवरचा गुणाकार का फसतो?

.३२ हा आकडा इंचातला, आणि एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. .३२ गुणिले २५.४ केलं की येतात ८.१३. डब्यावर छापलेले असतात ७.६५. आणि गोळी कॅलिपरच्या जबड्यात धरली तर भरते ७.९ च्या आसपास. खोटं कुणीच बोलत नाही. नळीच्या आत पीळदार खाचा असतात. खाचांमधल्या समोरासमोरच्या उंचवट्यांमधलं अंतर घेतलं की ७.६५. गोळीला मात्र खाचा भरून काढायच्या असतात, म्हणून ती जाड. आणि .३२ हा आकडा कधीकाळी ढोबळमानाने चिकटला तो चिकटलाच. नागदेवी स्ट्रीटवर अर्धा इंची जीआय पाइप घ्या आणि बाहेरून मोजा, २१.३ मिलिमीटर भरेल. तिथे कुणी दुकानदाराशी भांडत नाही.

.३८ चं तर विचारूच नका. हिशोबाने ९.६५ यायला हवेत, पण .३८ स्पेशलची गोळी असते .३५७ इंच, म्हणजे ९.०७ मिलिमीटर. जुन्या काळी गोळी पुंगळीइतकीच जाड असायची, नाव तेव्हाचं. .३५७ मॅग्नमची गोळीही तेवढ्याच जाडीची. १९३५ साली ते आलं तेव्हा पुंगळी मुद्दाम लांब ठेवली, २९ ऐवजी ३३ मिलिमीटर, म्हणजे ते .३८ च्या सिलिंडरमध्ये बसूच नये. म्हणून मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालतं, उलटं कधीच नाही. आजोबांच्या वेब्लीचं (जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरचं) .३८ आणखी वेगळं: पुंगळी २० मिलिमीटरच्या आत, गोळी किंचित जाड.

नुसतं "नाइन एमएम" म्हणूनही भागत नाही. ९×१७ म्हणजे .३८० एसीपी. पोलीस आणि लष्कर वापरतात ते ९×१९, आणि ते प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सर्वसामान्यांना मनाई असलेल्या मापात, मोडतं. आमच्याकडे मागू नका.

.२२ मात्र गुणी पोर. ५.६ मिलिमीटर, हिशोब जुळतो. एअरगनच्या छऱ्यांचंही तसंच: .१७७ म्हणजे ४.५.

येताना काय आणाल?

मूळ लायसन्स हवंच, झेरॉक्स चालणार नाही. नळीवर कोरलेल्या पूर्ण मजकुराचा फोटो आणा, नुसत्या आकड्याचा नको. फोटो काढण्याआधी शस्त्र रिकामं आहे हे स्वतः, दोनदा बघा. जुनं काडतूस असेल तर त्याच्या बुडावरची अक्षरंही टिपून आणा. "केएफ" असेल तर माल खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा. तेवढ्यावरून आम्ही योग्य डबा काढून देतो, आणि विक्रीची नोंद लायसन्सवर करतो.

आपल्या पावसाळ्यात कपाटातल्या पितळी पुंगळ्यांवर हिरवट थर चढतो. ती काडतुसं चिंचेने किंवा पॉलिशने घासू नका, भंगारात टाकू नका आणि वापरू तर मुळीच नका. आधी दुकानात फोन करा.