लोणचं, कुलूप आणि कपाट : एका सरकारी यादीची ४८ वर्षं

१ एप्रिल २०२५पासून लघुउद्योगाची व्याख्या पुन्हा एकदा बदलली. यंत्रसामग्रीत २५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १०० कोटींपर्यंत उलाढाल असलेलं युनिट आता ‘लघु’ धरलं जातं. भोसरीत किंवा सातपूरला दोन लेथ मशिनांवर धंदा उभा केलेल्या जुन्या माणसाला हे ऐकून हसू येईल. १९६६मध्ये गुंतवणुकीची मर्यादा साडेसात लाख होती, १९७५मध्ये दहा लाख झाली, १९८०मध्ये वीस, १९८५मध्ये पस्तीस आणि १९९१मध्ये साठ लाख.

व्याख्या हा तसा कंटाळवाणा विषय. कर्ज, अनुदान, नोंदणी यांच्यापलीकडे तिच्याकडे कोणी बघत नाही. पण एके काळी याच रेषेवरून आपल्या घरात येणारं लोणचं, कुलूप, वही, कपाट आणि अंगातला शर्ट कोणी बनवायचा हे ठरत होतं. रेषेच्या अलीकडे असलात तर बनवा, पलीकडे असलात तर कायद्याने मनाई. या मनाईची यादी १९६७मध्ये सुरू झाली आणि २०१५मध्ये संपली. १९९१मध्ये परवानाराज संपलं असं आपण सहज म्हणून जातो, पण ही यादी त्यानंतरही २४ वर्षं जिवंत होती.

तिचं मूळ शोधायला पुण्यात यावं लागतं. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची तयारी चालू असताना, १९५५मध्ये, नियोजन मंडळाने ग्राम आणि लघुउद्योगांसाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते अर्थतज्ज्ञ प्रा. द. गो. कर्वे, बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. समितीपुढचा पेच खरा होता. संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांनी केलेल्या या योजनेच्या आराखड्यात देशाचं भांडवल पोलाद, यंत्रं, वीज अशा अवजड उद्योगांत जाणार होतं. त्या कारखान्यांत पैसा पुष्कळ लागतो आणि माणसं थोडी. मग बाकीच्यांना काम कुठलं? शिवाय अवजड उद्योगातून पगार वाटले जाणार, लोक कापड, साबण, भांडी मागणार. त्या वस्तू बाजारात नसतील तर महागाई भडकणार. त्यावरचा तोडगा म्हणजे रोजच्या वापराच्या वस्तू थोड्या भांडवलात, जास्त हातांनी, लहान कारखान्यांत बनवायच्या, आणि मोठ्या कारखान्यांनी त्यांना गिळू नये म्हणून काही क्षेत्रं त्यांच्यासाठी राखायची. गांधीजींच्या ग्रामोद्योगाची आणि महालनोबिसांच्या पोलादाची ही एक प्रकारची सोयरीक होती.

मात्र कर्व्यांच्या मांडणीत लहान उद्योग कायम लहानच राहावा असं नव्हतं. तंत्र हळूहळू सुधारावं, बेकारीचा तडाखा बसू नये, तोवर आडोसा द्यावा, असा तो विचार होता. हा आडोसा किती दिवसांचा, हे पुढे कुठल्याही सरकारने ठरवलं नाही. सगळी गोम तिथेच आहे.

१९६७मध्ये पहिली यादी निघाली तेव्हा तिच्यात ४७ वस्तू होत्या. पुढच्या दहा वर्षांत त्या १८०वर गेल्या. मग जनता पक्षाचं सरकार आलं आणि उद्योग खातं मुंबईच्या कामगार चळवळीतून वर आलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे गेलं. कोकाकोला आणि आयबीएम भारतातून गेल्या त्या याच काळात, त्यामुळे फर्नांडिस यांचं नाव त्या दोन कंपन्यांशी कायमचं जोडलं गेलं. प्रत्यक्षात त्यांच्या कारकिर्दीतला जास्त खोल परिणाम करणारा कागद दुसराच होता. २३ डिसेंबर १९७७चं औद्योगिक धोरण. लहान आणि कुटीर उद्योगांना जे बनवता येतं ते फक्त त्यांनीच बनवावं, हे त्याचं सूत्र. यादी एका फटक्यात ५०४वर गेली. पुढच्या वर्षी वर्गीकरणाची पद्धत बदलली आणि आकडा ८०७ झाला. प्रत्येक जिल्ह्यात आजही असलेलं जिल्हा उद्योग केंद्र हेही त्याच धोरणाचं अपत्य.

जनता सरकार पडलं, यादी मात्र राहिली. १९८४मध्ये तर १९५१च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यात दुरुस्ती करून तिला कायद्याचा भक्कम आधार दिला गेला, आणि १९८९पर्यंत तिच्यात ८३६ वस्तू झाल्या. कुठल्याही पक्षाला ती मोडायची नव्हती. लहान उद्योजकाच्या पाठीशी आम्ही आहोत हे सांगायला इतका स्वस्त मार्ग दुसरा नव्हता, कारण तिजोरीतून एक रुपयाही जात नव्हता.

यादी चालायची कशी, हे पाहण्यासारखं आहे. आरक्षित वस्तूचा नवा कारखाना काढायचा तर यंत्रसामग्रीतली गुंतवणूक लघुउद्योगाच्या मर्यादेतच हवी. यादी येण्याआधीपासून ती वस्तू बनवणारे मोठे कारखाने बंद पाडले नाहीत, पण त्यांची क्षमता होती तिथे गोठवली. नव्या मोठ्या कारखान्याला यादीतली वस्तू करायचीच असेल तर उत्पादनाचा बराच हिस्सा, आधी ७५ टक्के आणि पुढे ५० टक्के, निर्यात करण्याची हमी द्यावी लागे. १९९१नंतर दुसऱ्या कंपनीला लघुउद्योगात भागीदारी घेता येऊ लागली, पण २४ टक्क्यांपर्यंतच.

आता या चौकटीत चांगला चाललेला धंदा काय करेल? वाढणार नाही, फुटेल. एकाच आवारात मधे पत्र्याची भिंत, दोन दारं, दोन पाट्या, लघुउद्योग (एसएसआय) म्हणून दोन नोंदण्या. एक युनिट स्वतःच्या नावावर, दुसरं बायकोच्या, तिसरं भावाच्या. औद्योगिक वसाहतीत वावरलेल्या कोणालाही हे चित्र नवं नाही. त्याला अबकारी कराच्या सवलतीची जोड होती. ठरावीक उलाढालीपर्यंत कर माफ किंवा कमी, त्यापुढे पूर्ण. म्हणजे यादीत नसलेल्या वस्तू बनवणाऱ्यालाही रेषेच्या आत राहण्यातच शहाणपण होतं. ही लबाडी आहे असं म्हणणं सोपं आहे. मला तो साधा हिशोब वाटतो. नियमाने वाढीवर दंड लावला होता आणि लोकांनी तो टाळला.

मोठ्यांनीही आडवाटा काढल्या. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आइस्क्रीम यादीत होतं, त्यामुळे लिव्हर समूह त्या बाजारात उतरला तो क्वालिटी आणि डॉलॉप्ससारखी चालती नावं घेऊन. वह्यांचंही तसंच. आयटीसीने २००३मध्ये ‘क्लासमेट’ आणली तेव्हा वही अजून आरक्षित होती, म्हणून कंपनीने नाव आणि कागदाचा दर्जा आपला ठेवला आणि वह्या लहान कारखान्यांकडून बांधून घेतल्या. कायद्याच्या दृष्टीने सगळं व्यवस्थित. नफा कोणाच्या नावावर साठत होता, हे यादीला विचारण्याची सोय नव्हती.

यादी एवढी लांब, पण तिच्यातल्या बऱ्याच नोंदी नुसत्याच कागदावर होत्या. १९८७-८८च्या लघुउद्योग गणनेवरून पुढे हिशोब मांडला गेला तेव्हा आरक्षित मालाच्या एकूण मूल्यापैकी सुमारे चार पंचमांश वाटा जेमतेम ६८ वस्तूंचा निघाला, आणि दोनशेहून जास्त वस्तू लहान उद्योगात कोणी बनवतच नव्हतं. यादीत नुसतं लोणचं-पापडच असेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तिच्यात रसायनं, रंगद्रव्यं, वाहनांचे सुटे भाग, प्लॅस्टिकच्या वस्तू यांची दाटी होती.

१९९१मध्ये काय झालं? २४ जुलैला नवं औद्योगिक धोरण आलं आणि बहुतेक उद्योगांचे परवाने रद्द झाले. ऑगस्टमध्ये लघुउद्योगांसाठी वेगळं धोरण मांडलं गेलं, आणि त्यात आरक्षण शाबूत राहिलं. नरसिंह रावांच्या अल्पमतातल्या सरकारला एकाच वेळी सगळ्या आघाड्या उघडायच्या नव्हत्या, हे समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे एक विचित्र परिस्थिती तयार झाली. दरवाजे बाहेरून उघडत गेले आणि आतून बंदच राहिले.

अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत भारताच्या आयात-निर्बंधांविरुद्ध तक्रार केली होती. १९९९मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला. मग एप्रिल २०००मध्ये ७१४ आणि १ एप्रिल २००१ला उरलेल्या ७१५ वस्तूंच्या आयातीवरची संख्यात्मक बंधनं उठली. आता बघा: चीनमधल्या हजारो कामगारांच्या कारखान्यात बनलेली वस्तू मुंबईच्या बंदरात शुल्क भरून उतरवायला मोकळीक. तीच वस्तू तेवढ्याच मोठ्या कारखान्यात तळोज्याला किंवा चाकणला बनवायला बंदी. देशी मोठ्या भावापासून लहान भावाला वाचवायचं, म्हणून शेजाऱ्याला घरात घेतलं. आरक्षणाचा मूळ युक्तिवाद पटणाऱ्यांनाही इथे उत्तर नव्हतं.

कपड्यांची गोष्ट जास्त चटका लावणारी आहे. तयार कपडे नोव्हेंबर २०००च्या वस्त्रोद्योग धोरणापर्यंत आरक्षित होते, होजिअरी त्यानंतरही काही वर्षं. जगात कपड्यांच्या व्यापाराला देशवार कोट्याची पद्धत होती आणि ती १ जानेवारी २००५ला संपणार हे दहा वर्षं आधीपासून ठरलेलं होतं. बांगलादेशाने त्या काळात हजार-दोन हजार शिलाई यंत्रांचे कारखाने उभे केले. आपल्याकडे ऑर्डर आली की ती मुंबईतल्या गाळ्यांमध्ये वाटली जायची, इकडे कटिंग, तिकडे शिलाई, काजं-बटणं तिसरीकडे. कारागीर कुठेच कमी नव्हते. पण एकाच मापाचे, एकाच रंगछटेचे लाखभर शर्ट ठरल्या तारखेला देणं या पद्धतीला जड जातं. कामगार कायदे, वीज, बंदरांची गर्दी ही कारणंही होतीच, सगळं खापर यादीवर फोडता येणार नाही. तरीही जास्तीत जास्त हातांना काम मिळावं म्हणून केलेल्या यादीने, सर्वांत जास्त हातांना काम देऊ शकणाऱ्या धंद्यालाच वाढू दिलं नाही.

खेळणी २९ जून २००१ला यादीतून बाहेर पडली, पादत्राणं आणि चामड्याच्या वस्तूंसोबत. म्हणजे आयात खुली झाल्यावर तीन महिन्यांनी. तोवर उशीर झाला होता. पुढची वीस वर्षं जत्रेतल्या आणि दुकानातल्या खेळण्यांवर चीनचं राज्य राहिलं. २०२०मध्ये सरकारने आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के केलं, २०२३मध्ये ७०, शिवाय २०२१पासून भारतीय मानकाचं चिन्ह सक्तीचं. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना या सगळ्याचा फायदा-तोटा दुरूनच लागतो, कारण तो हस्तकलेचा बाजार आहे. खरी लढाई प्लॅस्टिक आणि बॅटरीवाल्या खेळण्यांची.

यादी मोडायची शिफारस १९९७मध्येच आली होती. अबिद हुसेन समितीने आरक्षण पूर्ण रद्द करावं आणि लहान उद्योगांना कर्ज, तंत्र, पायाभूत सोयी द्याव्यात असं सांगितलं. सरकारने त्या वर्षी आइस्क्रीम, बिस्किटं धरून १५ वस्तू काढल्या आणि गुंतवणुकीची मर्यादा ६० लाखांवरून थेट तीन कोटींवर नेली. त्यावर अगदी लहान उद्योजकांनीच आरडाओरड केली, कारण तीन कोटीवाला ‘लघु’ म्हणून त्यांच्या रांगेत येऊन उभा राहणार होता. १९९९मध्ये मर्यादा परत एक कोटीवर आली. खरी छाटणी झाली ती २००२ ते २००८च्या दरम्यान, आधी वाजपेयींच्या आणि मग मनमोहन सिंगांच्या सरकारात, कधी ५१, कधी ८५, कधी १०८, कधी १८० अशी. गाजावाजा न करता. २०१०पर्यंत २० वस्तू उरल्या.

या शेवटच्या वीस म्हणजे जणू एखाद्या घराची यादी: लोणची-चटण्या, पाव, मोहरीचं तेल, शेंगदाणा तेल, लाकडी फर्निचर, वह्या आणि रजिस्टरं, मेणबत्त्या, कपडे धुण्याचा साबण, आगपेट्या, फटाके, उदबत्त्या, काचेच्या बांगड्या, स्टीलची कपाटं, खुर्च्या, टेबलं आणि बाकीचं फर्निचर, रोलिंग शटर, कुलपं, स्टेनलेस आणि अॅल्युमिनियमची भांडी. ज्या भाषेत लोखंडी कपाटाला सर्रास ‘गोदरेज’ म्हणतात, तिथे ते कपाट २०१५पर्यंत लघुउद्योगाची राखीव वस्तू होतं, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. १० एप्रिल २०१५ला अधिसूचना निघाली आणि हेही संपलं.

यादी उठल्यावर लहान युनिटं बुडाली का? काही नक्कीच बुडाली. पण २०१७मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त छापून आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्या जिल्ह्यांत आरक्षित वस्तूंचं प्रमाण जास्त होतं, तिथे आरक्षण उठल्यावर रोजगार इतरांपेक्षा जास्त वाढला. भर पडली ती नव्याने येणाऱ्या आणि रेषेमुळे थबकलेल्या युनिटांतून. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर पिंपरी-चिंचवडच्या अनुभवाशी हे जुळतं. १९६२मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीने शेड दिल्या, टेल्को आणि बजाज ऑटोने कामं दिली, आणि भोसरीचे व्हेंडर त्यांना सुटे भाग पुरवत वाढले. वाहनांचे काही भाग यादीतही होते. पण त्या युनिटांना मोठं केलं ते मोठ्या गिऱ्हाइकाच्या तपासणी खात्याने, वेळापत्रकाने आणि नाकारून परत आलेल्या मालाने.

मोठ्या गिऱ्हाइकासोबत एक जुनं दुखणंही येतं, ते म्हणजे अडकलेलं पेमेंट. १९९३मध्ये उशिरा दिलेल्या रकमेवर व्याज आकारण्याचा कायदा आला, २००६च्या कायद्यात ४५ दिवसांची कमाल मुदत आली. तरी बिलं थकतच राहिली, कारण रोजच्या गिऱ्हाइकावर दावा लावून उद्या काम कुठून आणणार? शेवटी २०२३मध्ये आयकर कायद्यात तरतूद झाली: सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च वजावटीला धरायचा नाही. लहानाने तक्रार करण्याची गरजच ठेवली नाही, मोठ्याचा चार्टर्ड अकाउंटंटच त्याला आठवण करून देतो.

आरक्षणही पूर्ण गेलेलं नाही. २०१२च्या खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांच्यावर सूक्ष्म-लघु उद्योगांकडून ठरावीक हिस्सा घेण्याचं बंधन आहे. आधी २० टक्के होता, आता २५, आणि ३५८ वस्तू तर फक्त त्यांच्याकडूनच घ्यायच्या. दुसऱ्या टोकाला २०२०ची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आहे: १४ क्षेत्रं, सुमारे १.९७ लाख कोटी, आणि अट अशी की विक्री वाढली तरच पैसे. एका योजनेत वाढलात तर बक्षीस, दुसरीत वाढलात तर सवलत बंद.

या दोहोंच्या मधे ऑक्टोबर २०२२ची एक छोटी अधिसूचना आहे. एखादं युनिट वाढून वरच्या गटात गेलं, तर करांखेरीजचे आधीच्या गटातले फायदे त्याला पुढची तीन वर्षं मिळत राहतील. आडोसा किती दिवसांचा, याचा आकडा सरकारी कागदावर आला तो असा, १९६७नंतर ५५ वर्षांनी.