कोंबडीच्या आजारी पिल्लाची शुश्रूषा

परसात, अंगणात किंवा शेतावरच्या खुराड्यात वाढणारे कोंबडीचे पिल्लू आजारी पडल्यास त्याला इतर पक्ष्यांपासून वेगळे करून ऊब, पाणी, अन्न आणि गरजेप्रमाणे औषध देऊन बरे करण्याची घरगुती पद्धत. व्यापारी कुक्कुटपालनात निर्णय हजारो पक्ष्यांच्या गटासाठी घेतला जातो आणि एकट्या पिल्लावर वेळ खर्च करणे परवडत नाही. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी बसवणाऱ्या घरात मात्र त्यांतून निघालेले प्रत्येक पिल्लू पुढची तलंग किंवा कोंबडा असते, त्यामुळे त्याला वाचवण्याची धडपड सार्थ ठरते. या शुश्रूषेत सर्वांत महत्त्वाचा असतो तो क्रम : आधी ऊब, मग पाणी, मग अन्न आणि त्यानंतर औषध. हा क्रम उलटा केल्यामुळे, म्हणजे थंड पडलेल्या पिल्लाच्या चोचीत घाईने दाणा किंवा गोळी घातल्यामुळे, बरे होऊ शकणारी कित्येक पिल्ले दगावतात.

पक्षी दुबळेपणा शक्य तितका लपवतो, कारण कळपात दुबळ्याला टोचा बसतात. म्हणून आजार दिसू लागतो तोवर तो बराच पुढे गेलेला असतो. पिसे फुगवून एका कोपऱ्यात पेंगणे, पंख लोंबणे, डोळे अर्धवट मिटणे, आईच्या हाकेला न धावणे आणि दाणे टाकल्यावर मागे राहणे ही पहिली लक्षणे होत. मानेच्या बुडाशी असलेली अन्नपिशवी संध्याकाळी बोटांनी चाचपून पाहिल्यास पिल्लू दिवसभरात खरोखर किती खाते आहे हे नेमके समजते : निरोगी पिल्लाची ही पिशवी रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी असते. विष्ठेचा रंग व पातळपणा, श्वासाचा घरघर आवाज, मानेची ठेवण आणि तुऱ्याचा फिकेपणा यांचीही रोज नोंद घ्यावी. पशुवैद्यकाला याच माहितीचा सर्वाधिक उपयोग होतो.

प्रौढ कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाचे तापमान त्याहून कमी असते आणि अंगावर केवळ लव असल्यामुळे पहिले काही आठवडे त्याला ते स्वतः राखता येत नाही. ते काम आईचे पोट करते. आजारी पिल्लू आईमागे फिरू शकत नाही, त्यामुळे भूक किंवा रोग यांच्याआधी थंडीच त्याला गाठते. पहिल्या आठवड्यात पिल्लाजवळ सुमारे ३५ अंश ऊब लागते व पुढे दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी कमी करत नेतात. आजारी पिल्लाला मात्र त्याच्या वयाला लागते त्यापेक्षा थोडी अधिक ऊब द्यावी. पुठ्ठ्याच्या खोक्यात भाताचे तूस किंवा खरखरीत कापड अंथरून एका टोकाला जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब टांगतात आणि दुसरे टोक थंड ठेवतात, म्हणजे पिल्लाला हवी ती जागा निवडता येते. बल्बला अगदी चिकटून बसलेल्या पिल्लाला थंडी वाजत असते, तर चोच उघडी ठेवून धापा टाकत दूर सरकलेल्याला उकडत असते. घरोघरी आलेले एलईडी दिवे उजेड देतात, पण या कामापुरती ऊब देत नाहीत. वीज नसेल तेव्हा फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली वापरावी व ती निवताच बदलावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे पिल्लाला आणि माणसालाही घातक आहे.

ऊब मिळून पिल्लाने मान उचलली की पाण्याकडे वळावे. किंचित गूळ किंवा ग्लुकोज घातलेले कोमट पाणी पहिल्या दिवसापुरते उपयोगी पडते. हगवण असल्यास क्षार भरून काढणारी, पक्ष्यांसाठी मिळणारी पूड पाण्यातून देणे अधिक योग्य. पाणी पाजताना ड्रॉपरचा किंवा बोटाचा एकेक थेंब चोचीच्या कडेला लावावा आणि पिल्लाने तो स्वतः गिळेपर्यंत थांबावे. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, त्यामुळे चोच उघडून पिचकारी मारल्यास पाणी फुप्फुसात जाऊन पिल्लू काही क्षणांत गुदमरते. हातात धरतानाही अशीच काळजी हवी : पक्ष्याला सस्तन प्राण्यांसारखे श्वासपटल नसते, छातीचे हाड खालीवर होऊनच हवा आत-बाहेर होते, म्हणून छातीभोवती मूठ आवळू नये. गाईचे वा म्हशीचे दूध प्रेमाने पाजले जाते, परंतु त्यातील शर्करा पक्ष्याला पचत नाही आणि हगवण वाढते. अन्न म्हणून पाण्यात भिजवून मऊ केलेले पिल्लांचे खाद्य, उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला बलक किंवा मक्याचा बारीक भरडा थोडा थोडा व वारंवार द्यावा. नुसत्या तांदळाच्या कणीवर पोट भरते, पण त्यात प्रथिने व जीवनसत्त्वे अपुरी पडतात.

काही तक्रारी रोगाच्या नसतात आणि घरच्या घरी दूर होतात. गुळगुळीत वर्तमानपत्रावर ठेवलेल्या पिल्लाचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात. पहिल्या काही दिवसांतच पाय नैसर्गिक अंतरावर मऊ पट्टीने सैल जोडून खाली खरखरीत कापड घातल्यास ते बहुधा सुधारतात. गुदद्वारावर विष्ठा वाळून चिकटली असेल तर ती ओढून न काढता कोमट पाण्याने भिजवून पुसावी आणि पिल्लू पुन्हा उबेत पूर्ण कोरडे करावे. पायाची बोटे आत वळणे हे ब-२ जीवनसत्त्वाच्या, तर मान मागे टाकून आकाशाकडे पाहत राहणे हे ब-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते व वेळीच पुरवणी दिल्यास पिल्लू उभे राहते.

पावसाळ्यात पिल्लांवर सर्वाधिक घाला घालते ती रक्ती हगवण. आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे ती होते. विष्ठेतून पडलेली त्याची बीजांडे ओलावा, ऊब व हवा मिळाल्यावर एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात आणि साधारण तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना ग्रासतात. आजारी पिल्लू खाणे आधी सोडते आणि पाणी नंतर, म्हणूनच यावरचे अँप्रोलियम हे औषध पशुवैद्यकाने सांगितलेल्या प्रमाणात पाण्यातून देतात. हे औषध परजीवीला ब-१ जीवनसत्त्व मिळू न देऊन मारते. साहजिकच ते चालू असताना ‘ताकदीसाठी’ ब जीवनसत्त्वाचे टॉनिक दिल्यास औषधाचा परिणाम कमी होतो. चांगल्या हेतूने होणारी ही चूक टाळली पाहिजे. ओले तूस रोज काढून टाकणे हा उपचाराइतकाच आवश्यक भाग आहे.

देवी रोगात उपचारापेक्षा शुश्रूषाच निर्णायक ठरते. डासांमार्फत व जखमांतून पसरणाऱ्या या विषाणूवर औषध नाही. तुरा, पापण्या व चोचीच्या कडांवर खपल्या येतात, डोळे चिकटून बंद होतात आणि दाणे दिसत नाहीत म्हणून पिल्लू उपाशी मरते. खपल्या न ओरबाडता डोळे सौम्य मिठाच्या कोमट पाण्याने दिवसातून दोन-तीनदा पुसले आणि चोच पाण्याला व खाद्याला लावून दिली, तर काही आठवड्यांत खपल्या आपोआप गळून पिल्लू बरे होते. घशात पांढरट पापुद्रे धरले असतील तर मात्र परिस्थिती गंभीर समजावी.

मानमोडी ऊर्फ राणीखेत या विषाणुजन्य रोगात धाप लागणे, हिरवट पातळ विष्ठा, अंगाला कंप आणि मान पिळवटणे ही लक्षणे दिसतात. त्यावर इलाज नाही. वाचलेल्या एखाद्या पक्ष्याची मान कायमची वाकडी राहते. येथे शुश्रूषेच्या मर्यादा स्पष्ट होतात, कारण शुश्रूषा करणाऱ्याच्या हातांवरून, कपड्यांवरून व चपलांवरून रोग उरलेल्या पक्ष्यांपर्यंत पोहोचतो. खरा उपाय लसीकरणाचा आहे : पहिल्या आठवड्यात, साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी, लासोटा किंवा एफ लसीचा थेंब डोळ्यात वा नाकात टाकतात व सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी ही लस टोचतात. आजारी पिल्लाला लस देऊ नये.

एकाच वेळी अनेक पक्षी अचानक मरू लागल्यास एकेकाची सेवा करत बसणे धोक्याचे आहे. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातही हा रोग आढळला. अशा वेळी पक्ष्यांना हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. मेलेला पक्षी उकिरड्यावर किंवा ओढ्यात न फेकता चुना टाकून खोल पुरावा. एरवीही पिल्लाला हाताळल्यावर साबणाने हात धुणे आवश्यक आहे, कारण निरोगी दिसणाऱ्या पिल्लांच्या विष्ठेतूनही साल्मोनेला जीवाणू माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या, पोटात जाऊ शकतात.

घरातील उरलेली प्रतिजैविकाची गोळी चुरडून पाजण्याची सवय सर्वत्र आढळते. विषाणू व आयमेरियाजन्य हगवणीचा परजीवी यांपैकी कशावरही अशा गोळीची भिस्त ठेवता येत नाही, आणि अर्धवट मात्रेने औषधांना दाद न देणारे जीवाणू वाढतात. माणसांसाठी राखीव ठेवण्याजोगे कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापरण्यास भारत सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली.

बरे झालेल्या पिल्लाची विष्ठा घट्ट झाली, अन्नपिशवी रोज भरू लागली आणि ते आपणहून उबेपासून दूर झोपू लागले की त्याला परत नेण्याची वेळ आली असे समजावे. आजारपणात शक्य असेल तर त्याला भावंडांचा आवाज ऐकू येईल, पण विष्ठेचा संपर्क होणार नाही, अशा जागी ठेवावे. पूर्ण एकटे पडलेले पिल्लू सतत ओरडते व खाणे टाकते. परतताना प्रथम दोन-तीन दिवस कळपाच्या शेजारी जाळीच्या डालग्याखाली ठेवतात आणि मग अंधार पडल्यावर खुराड्यात, आई असल्यास तिच्या पंखाखाली, सरकवतात. जखमेवर लाल रंग दिसत असेल तोवर ही घाई करू नये, कारण रक्ताचा ठिपका दिसताच इतर कोंबड्या त्याच जागी टोचू लागतात. रक्ती हगवणीतून उठलेले पिल्लू आणखी काही काळ विष्ठेतून बीजांडे टाकू शकते, म्हणून परतीनंतरही खुराड्यातील तूस कोरडे राहील असे पाहावे आणि पाण्याचे भांडे, त्यात विष्ठा पडणार नाही अशा बेताने, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ठेवावे.